फिर्याद आणि गलका

१८८५ सालच्या जून महिन्यात ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ एवढ्याच स्वाक्षरीचे एक दीर्घ पत्र प्रसिद्ध झाले. बालविवाहामुळे हिंदू स्त्रीच्या आयुष्याची जी नासाडी होते तिची कैफियत त्या पत्रात होती. ती मांडताना लेखिकेने ना कोणाच्या दयेची याचना केली होती, ना कोणाला शिव्याशाप दिले होते. आपल्यासारखीवर काय ओढवते ते सांगून तिने त्यावर इलाज मागितला होता. लिहिणारीचे नाव पुढे उघड झाले. ती रखमाबाई, डॉक्टर सखाराम अर्जुन यांची सावत्र कन्या, गिरगावच्या परिसरात वाढलेली. अकराव्या वर्षी लग्न झालेली आणि नवऱ्याच्या घरी कधीच न नांदलेली ही वीस वर्षांची तरुणी त्या वेळी मुंबईच्या उच्च न्यायालयात प्रतिवादी होती, कारण नवरा दादाजी भिकाजी याने तिला आपल्या घरी आणण्याच्या हक्कासाठी दिवाणी दावा गुदरला होता. न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्या सप्टेंबरात दावा फेटाळला, अपिलात तो निकाल फिरला, आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला की महिनाभरात तिने नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने कैद भोगावी. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला, आणि ज्या बाईला कायदा नवऱ्याच्या घरात कोंडू पाहत होता ती विलायतेत वैद्यक शिकून सुरत आणि राजकोट येथे डॉक्टर झाली.

लैंगिक अत्याचार हा शब्द त्या खटल्यात कोणी उच्चारला नव्हता. परंतु इच्छेविरुद्ध एका स्त्रीचा देह दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याची आज्ञा राजसत्तेने द्यावी की नाही, हाच त्या खटल्याचा गाभा होता. आणि तो प्रश्न कचेरीच्या चार भिंतींबाहेर आला तो वर्तमानपत्रांमुळे. वर्तमानपत्रे अशा अत्याचारांविषयी जे छापतात त्याने लोकमत कसे घडते आणि लोकमताने कायदा कसा घडतो, याचा विचार करताना मला म्हणूनच आजच्या वाहिन्यांपाशी आरंभ न करता या पत्रापाशी करावासा वाटतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की कायद्याला बातमीचा आकार येतो. बातमीत जे दिसले त्यावर तरतूद होते आणि बातमीत जे दिसले नाही ते जसेच्या तसे राहते. बातमी जेव्हा फिर्यादीच्या रूपाने येते, म्हणजे जिच्यावर गुदरले तिच्या शब्दांनी किंवा त्या शब्दांशी इमान राखून येते, तेव्हा कायद्याचे लक्ष ठाणे, कचेरी आणि न्यायासन यांच्या दोषांकडे वळते. ती जेव्हा गलक्याच्या रूपाने येते तेव्हा कायदा फक्त फासाचा दोर चाचपतो. फिर्याद या फारसी शब्दाचा मूळ अर्थ मदतीसाठी घातलेली साद असा आहे, हे ठाण्यातला नमुना भरताना आपल्या ध्यानीही राहत नाही.

कायद्याला बातमीचा आकार कसा येतो याचे पहिले ठळक उदाहरण रखमाबाईंच्या खटल्यापाठोपाठच घडले. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लेखणी चालवली होती, तरी सरकार हलत नव्हते. १८९० साली कलकत्त्यात एक अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगाने मरण पावली. दंडसंहितेत संमतीचे वय दहा होते, त्यामुळे त्या नवऱ्यावर बलात्काराचा आरोप टिकणारच नव्हता. किरकोळ कलमाखाली त्याला वर्षभराची शिक्षा झाली. त्या बातमीने देश ढवळून निघाला. ‘केसरी’तून टिळकांनी सरकारी हस्तक्षेपाला कडवा विरोध केला, ‘सुधारका’तून आगरकरांनी कायद्याची बाजू लढवली, आणि १८९१ च्या मार्चमध्ये संमतीचे वय दहावरून बारा झाले. या सुधारणेचे मोल मी कमी लेखत नाही. पण बातमीत मुलीचे वय हा कलंक ठरला होता, म्हणून कायद्याने वय बदलले; रखमाबाईंनी विचारलेला प्रश्न बाईच्या इच्छेचा होता, आणि त्या प्रश्नावर कोणी मेले नव्हते, म्हणून त्याला कायद्याने हातही लावला नाही.

जे छापलेच जात नाही त्याचे काय होते, हे पाहायला गिरगावापासून लांब जावे लागत नाही. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्याच एका सफाई कामगाराने एका परिचारिकेच्या गळ्याला कुत्र्याची साखळी आवळून तिच्यावर अनैसर्गिक अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटून ती जी अंथरुणाला खिळली ती १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे सुमारे बेचाळीस वर्षे, आणि त्या सगळ्या काळात रुग्णालयातल्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिची जी शुश्रूषा केली तिला या शहराच्या इतिहासात तोड नाही. तिचे लग्न ठरलेले होते. तिची बेअब्रू होऊ नये या सद्‌हेतूने अत्याचाराची वाच्यता टाळली गेली, आणि आरोपीवर जबरी चोरी व खुनाचा प्रयत्न एवढेच गुन्हे शाबीत होऊन सात वर्षांची शिक्षा भोगून तो सुटला. लैंगिक गुन्ह्याची नोंद त्या शिक्षेत कोठेच नाही. तिच्या कहाणीवर पिंकी विराणी यांनी पुस्तक लिहिले, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्याच प्रकरणात निष्क्रिय दयामरणाचा मार्ग मोकळा केला. म्हणजे तिच्या मरणाच्या हक्काची बातमी झाली आणि देशाला त्या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे मिळाली. तिच्यावरच्या अत्याचाराची बातमी त्या वेळी झाली नाही, आणि बलात्काराच्या व्याख्येत अशा कृत्याला स्थान मिळायला २०१३ साल उजाडावे लागले.

इथे आपल्या भाषेचाही हिशेब घेतला पाहिजे. अब्रू हा शब्दही फारसीच. चेहऱ्यावरचे पाणी, कांती, असा त्याचा मूळ अर्थ. हे पाणी जाते ते नेहमी बाईचे, आणि ते जाऊ नये म्हणून तिने गप्प बसायचे, ही मराठी घराची शिकवण आमच्या वर्तमानपत्रांनी पिढ्यान्‌पिढ्या शीर्षकांतून गिरवली: ‘अब्रू लुटली’, ‘अतिप्रसंग’, ‘शीलभ्रष्ट केले’. या शब्दांत कर्ता कोण, कृत्य कोणते, याचा पत्ता लागत नाही. काहीतरी गमावले गेले आणि ते बाईने गमावले एवढेच कळते. अलीकडे हे शब्द मागे पडून ‘नराधम’ आला आहे, आणि तो अधिक न्याय्य वाटतो, कारण दोष कोणाचा ते त्यात स्पष्ट आहे. परंतु नराधम म्हणजे माणसांतून उठलेला कोणी; शेजारचा, नात्यातला, शिकवणीचा मास्तर, नवरा हे त्या शब्दात मावत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत नोंदलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. वाचकाच्या मनातली भीती मात्र ओसाड गिरणीची, रात्रीच्या बसची, अंधाऱ्या गल्लीची असते. आणि भीती जिथे असते तिथेच दिवे लागतात, कॅमेरे बसतात आणि बंदोबस्त वाढतो.

बातमी फिर्याद झाली म्हणजे काय घडते त्याचा आदर्श मला १९७९ सालात सापडतो. २६ मार्च १९७२ च्या रात्री त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात दोन पोलिसांनी एका आदिवासी मुलीवर अत्याचार केला. तिच्याच नावाने तो खटला कायद्याच्या ग्रंथांत ओळखला जातो, आणि तिला कोणी न विचारता ते नाव तिथे गेले, म्हणून मी ते इथे लिहीत नाही. सत्र न्यायालयाने आरोपी सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी धरले, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, तेव्हा प्रतिकार झालाच नसावा, असा त्या निकालाचा रोख. वर्षभराने उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून विचारले की शरण जाणे आणि संमती देणे यांतला भेद न्यायासनाला कळत नाही काय. वर्तमानपत्रांनी ते उचलले, १९८० च्या आरंभी मुंबईत स्त्रियांनी बलात्कारविरोधी मंच उभा केला, ८ मार्चला ठिकठिकाणी मोर्चे निघाले, आणि १९८३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. कोठडीतल्या बलात्काराला वेगळे कलम आले, तिथे बाईने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे असा दंडक आला, सुनावणी बंद दाराआड करण्याची तरतूद झाली, आणि पीडितेची ओळख छापणे हा गुन्हा ठरला. मोर्चातल्या घोषणांत आरोपींचे डोके कोणी मागितले नव्हते असे मी म्हणत नाही. पण त्या साऱ्या आंदोलनाच्या मुळाशी एक युक्तिवाद होता आणि तो न्यायालयाला उद्देशून होता. आकाराचा नियम मात्र इथेही चुकला नाही. खटला कोठडीचा होता, म्हणून दुरुस्ती मुख्यत्वे कोठडीपुरती राहिली. फिर्यादी बाईच्या पूर्वचारित्र्यावर चिखलफेक करण्याची बचावाच्या वकिलाची मुभा २००२ च्या दुरुस्तीपर्यंत शाबूत होती.

कोणाच्या वेदनेची बातमी होते हाही प्रश्न इथेच येतो. एप्रिल २००५ मध्ये मरीन ड्राइव्हच्या पोलीस चौकीत एका पोलीस शिपायाने एका महाविद्यालयीन मुलीवर बलात्कार केला तेव्हा सारे शहर संतापून उठले. त्या संतापातही मुलींच्या पोशाखाची चर्चा करणारे निघालेच. पण बातमी दिवसेंदिवस पहिल्या पानावर राहिली आणि त्या शिपायाला वर्षभराच्या सुमारास शिक्षाही झाली. पुढच्याच वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची जमावाने हत्या केली, तेव्हा राज्याच्या राजधानीतल्या वर्तमानपत्रांना ती बातमी तिच्या खऱ्या स्वरूपात दिसायला महिना गेला, आणि तीही विदर्भातले दलित समाजबांधव रस्त्यावर उतरल्यानंतर. त्या महिनाभरात जो पुरावा गोळा व्हायचा तो झाला नाही. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने फाशीच्या शिक्षा सुनावल्या खऱ्या, पण त्या खुनाच्या होत्या. आई आणि मुलीच्या देहांच्या विटंबनेला बलात्कार म्हणून शिक्षा झाली नाही, आणि अनुसूचित जातींवरील अत्याचाराचा कायदाही लागू झाला नाही. वृत्तपत्राच्या मौनाची किंमत कधी कधी थेट निकालपत्रात उतरते, ती अशी.

आता शक्ती मिल. २२ ऑगस्ट २०१३ च्या संध्याकाळी महालक्ष्मीच्या त्या बंद गिरणीच्या पडक्या आवारात छायाचित्रे काढायला गेलेल्या एका तरुण पत्रकार स्त्रीवर सामूहिक बलात्कार झाला. तिने तत्काळ तक्रार दिली, आरोपी काही दिवसांत पकडले गेले. दिल्लीच्या १६ डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेला वर्षही झाले नव्हते, आणि ही तर वृत्तपत्रांच्या स्वतःच्या व्यवसायातली मुलगी. बातमी किती मोठी झाली असेल ते सांगायला नको. त्या बातमीने एक मोठे काम केले, आणि गलक्याविरुद्ध लिहिताना ते मला प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. त्याच गिरणीत त्याच टोळीतल्या माणसांनी ३१ जुलैला एका टेलिफोन ऑपरेटर मुलीवर बलात्कार केला होता. भीतीने गप्प राहिलेली ती मुलगी दुसरीच्या बातमीने धीर येऊन सप्टेंबरात ठाण्यावर गेली. एका बाईच्या फिर्यादीने दुसरीच्या तोंडाला वाचा फुटली, यापेक्षा वृत्तपत्राचे श्रेष्ठ कार्य कोणते असणार?

आणि तरीही याच प्रकरणात गलक्याचा कायदा कसा चालतो ते दिसले. दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने सुमारे ऐंशी हजार सूचना वाचून महिन्याच्या आत अहवाल दिला. त्या सूचनांना मी ऐंशी हजार फिर्यादी म्हणेन. समितीने फाशीची शिफारस केली नाही. पोलिसांची जबाबदारी, वैद्यकीय तपासणीची पद्धत, सेनादलांना मिळणारे संरक्षण आणि विवाहांतर्गत बलात्काराला असलेली सूट यांविषयी तिने मूलगामी सूचना केल्या. तिचे पुष्कळसे म्हणणे सरकारने मान्य केले, बलात्काराची व्याख्या विस्तारली हे त्याचेच फळ. परंतु विवाहाची सूट तशीच ठेवली आणि समितीने न मागितलेली फाशी मात्र आणली. पुन्हा तोच गुन्हा करणाऱ्यास फाशीपर्यंत शिक्षा देणारे ३७६-ई हे कलम त्याच वेळचे. एप्रिल २०१४ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायाधीश शालिनी फणसळकर-जोशी यांनी शक्ती मिलच्या तिघांना त्या कलमाखाली फाशी सुनावली, आणि तसे करता आले ते पहिल्या मुलीच्या खटल्यातही तेच दोषी ठरले होते म्हणून. उच्च न्यायालयाने २०१९ साली कलम वैध ठरवले. पण २५ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती साधना जाधव आणि पृथ्वीराज चव्हाण यांनी फाशी रद्द करून जन्मठेप दिली, आणि लोकक्षोभ हा शिक्षेचा मापदंड होऊ शकत नाही असे बजावले. त्याच्या पुढच्याच महिन्यात, डिसेंबरात, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने फाशीची तरतूद असलेले ‘शक्ती’ विधेयक एकमुखाने मंजूर केले. हैदराबादच्या २०१९ च्या बलात्कार-हत्येच्या घटनेनंतर आंध्राने मंजूर केलेल्या विधेयकाच्या धर्तीवर ते बेतले होते, आणि राष्ट्रपतींच्या संमतीसाठी ते दिल्लीच्या दप्तरात पडून राहिले. विधेयक अंमलात आले नाही म्हणून गलका झाल्याचे मात्र कोणाला आठवणार नाही. बातमी विधेयक मांडण्याची होती, अंमलबजावणीची नव्हती.

गलक्याचा शेवट कोठे होतो ते बदलापूरने २०२४ साली दाखवले. शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला. पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी ठाण्यात तासन्‌तास ताटकळत बसावे लागले. २० ऑगस्टला लोकांनी दिवसभर रेल्वे रोखून धरली. इतका संताप अगदी न्याय्य होता, आणि तो मुळात फिर्यादीचा होता: तक्रार का घेतली नाही, शाळेने काय दडवले, हे लोक विचारत होते. पण संध्याकाळपर्यंत पडद्यावर उरली ती फाशीची मागणी, आणि २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला तेव्हा शहरात ‘बदला पुरा’ असे फलक झळकले. आरोपी मेला, खटला संपला. ठाण्यात पालकांना का ताटकळावे लागले याचा जाब द्यायला गर्दीपुढे आता कोणी उभे राहिले नव्हते. तो प्रश्न धरून ठेवला तो उच्च न्यायालयाने. शाळांतील मुलांच्या सुरक्षेसाठी न्यायालयाने जी समिती नेमली तिच्या शीर्षस्थानी निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि निवृत्त न्यायमूर्ती शालिनी फणसळकर-जोशी होत्या. शक्ती मिल प्रकरणात एकीने फाशी दिली, दुसरीने ती रद्द केली, आणि दहा वर्षांनी दोघी शेजारी बसून शाळेच्या फाटकावर कोण असावे, मुलांना शौचालयात कोणी न्यावे, असल्या मामुली वाटणाऱ्या तजविजींचा विचार करीत होत्या. या दृश्यात फलकांपेक्षा अधिक शहाणपण आहे असे मला वाटते.

गलक्यावाचून सरकार हलतच नाही, हा आक्षेप मी टाळत नाही. मलबारींना सहा वर्षे कोणी ऐकले नाही, खैरलांजीला मोर्चावाचून कोणी ओळखले नाही, हे मीच वर लिहिले आहे. क्षोभ ही लोकशाहीतली शक्ती आहे. पण क्षोभाला विषय वर्तमानपत्र पुरवते, आणि विषय निवडण्याची जबाबदारी त्याला झटकता येत नाही. ‘नराधमाला फाशी कधी?’ असा मथळा देणाऱ्या संपादकाला ‘तक्रार नोंदवायला इतके तास का लागले?’ असाही मथळा देता येतो, आणि लोक त्याही प्रश्नावर रस्त्यावर येतात हे बदलापूरच्या सकाळने सिद्ध केले आहे. देशात बलात्काराच्या खटल्यांत दोषसिद्धीचे प्रमाण बहुतेक वर्षी शंभरांत तिसाच्या आत राहते. उरलेल्या सत्तरांत फाशीची भीती घालून काय साधणार? तिथे हवा असतो वेळेवर केलेला पंचनामा, धड झालेली वैद्यकीय तपासणी, फितूर न होणारा साक्षीदार, आणि तारखेला हजर राहणारा सरकारी वकील. या गोष्टी रुक्ष आहेत, परंतु वार्ताहराने सत्र न्यायालयाच्या बाकावर बसून निकाल लागेपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला तर त्यांच्याही बातम्या होतात. तसेच पीडितेचे नाव लपवणे निराळे आणि तिला एखादे वीरश्रीचे नाव बहाल करून देवीच्या मखरात बसवणे निराळे. रखमाबाईंनी आपले नाव स्वतःच झाकले होते; आजच्या कायद्यानेही लेखी संमतीने नाव छापण्याचा अधिकार त्या बाईलाच दिला आहे. तिने स्वतः बोलायचे ठरवले तर तिला दोन रकाने मोकळे मिळावेत, आणि तोवर तिच्या वतीने इतरांनी बोलणे जपून असावे.

संमतीचे वय दहाचे बारा झाले, पुढे पत्नीच्या बाबतीत टप्प्याटप्प्याने पंधरा झाले, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तेही अठरा केले. प्रत्येक वेळी आकडा बदलला. अठरा पूर्ण झालेल्या पत्नीच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याने केलेला संभोग हा बलात्कार नव्हे, हा अपवाद मात्र १८६० च्या संहितेतून १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत सुखरूप उतरला आहे. त्यावर रेल्वे कोणी रोखत नाही, कारण ते घडते घराच्या आत आणि त्याची बातमी होत नाही. खाडिलकरांच्या ‘नवाकाळ’मुळे छापखान्याची ओळख लाभलेल्या या गिरगावात, जिथे चाळीच्या गॅलरीत वर्तमानपत्राचा एक अंक साऱ्या मजल्याला पुरत असे आणि स्वयंपाकघर आवरल्यावर बायकांच्या हाती सर्वांत शेवटी येई, तिथल्याच एका मुलीने पत्राखाली आपले नाव न लिहिता हा प्रश्न सरकारपुढे ठेवला होता, त्याला आता सुमारे एकशेचाळीस वर्षे झाली. तिला उत्तर मिळालेले नाही.